परदेशी शिकायला जाताना आपली ओळख: नाव, जात, लिंगओळख, अपंगत्व, आहार (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

परदेशातल्या शिक्षणाची तयारी म्हटली की आधी गुण, फी आणि व्हिसा डोळ्यांपुढे येतात. आपण कोण आहोत, हा प्रश्न मात्र बहुतेकांना तिथे पोहोचल्यावर पडतो. तोवर काही गोष्टी हातातून गेलेल्या असतात. या पानावर एकच सूत्र धरून उत्तरं दिली आहेत: प्रत्येक कागद वेगळं माणूस वाचतं. शिष्यवृत्तीचा अर्ज समाजकल्याण खातं वाचतं, निबंध प्रवेश समिती वाचते, व्हिसाचा अर्ज वकिलातीतला अधिकारी वाचतो आणि रूममेट शोधणारा मेसेज शंभर अनोळखी मुलं वाचतात. कुठे काय सांगायचं, हे त्या-त्या वाचकाकडे बघून ठरवा.

हा विचार प्रवेश मिळाल्यावर केला तर चालत नाही का?

तीन गोष्टी नंतर बदलत नाहीत किंवा फार महागात बदलतात. एक, अर्जावर दिलेलं नाव. दोन, शिष्यवृत्तीची मुदत, कारण तिला लागणारे दाखले काढायला महिने जातात. तीन, त्या देशाचा कायदा. म्हणून विद्यापीठांची यादी करताना फी आणि रँकिंगच्या शेजारी आणखी एक रकाना ठेवा. माझ्यासाठी महत्त्वाच्या बाबतीत तिथला कायदा काय, विद्यापीठाचं धोरण काय आणि रोजचं जगणं कसं, हे त्यात लिहा. यातलं एक चांगलं असलं म्हणजे बाकीची दोन चांगली असतील असं नाही.

माझ्या मार्कशीटवर आडनाव आधी आहे आणि वडिलांचं नाव शेवटी. अर्जात कसं लिहू?

पासपोर्ट हा शेवटचा शब्द. राज्य मंडळाच्या मार्कशीटवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो, आईचं नाव वेगळं छापतात. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने असतात: दिलेलं नाव आणि आडनाव. दिलेल्या नावाच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर बाबुराव’ असेल, तर विद्यापीठाचं ओळखपत्र, ईमेल, विमानाचं तिकीट सगळीकडे तेच जोडनाव येतं. तिकिटावर तर दोन्ही शब्द चिकटून छापले जातात. ती चूक नाही, घाबरू नका.

खरी अडचण आडनावाचा रकाना रिकामा असला की होते. अमेरिकेच्या व्हिसावर मग सगळं नाव आडनावात जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ येतं, म्हणजे ‘नाव अज्ञात’. पुढे बँक, वाहन परवाना, पगाराची चिठ्ठी सगळीकडे तुम्ही ‘एफएनयू’ होता. जातीचा अंदाज येऊ नये म्हणून घरच्यांनी मुद्दाम आडनाव गाळलेलं असतं, अशीही घरं आहेत. त्यांनी वडिलांचं किंवा आईचं नाव आडनावाच्या रकान्यात घालून पासपोर्ट नव्याने काढावा, आणि तेही परीक्षेची नोंदणी करण्याआधी. टोफेल-आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांच्या केंद्रावर नोंदणीतलं नाव आणि पासपोर्ट जुळला नाही तर आत सोडत नाहीत, फीही जाते.

स्पेलिंगमधला फरक हे आपल्याकडचं जुनं दुखणं. दहावीला ‘ज्ञ’ डी-एन-वाय असा लिहिलेला, आधारवर जी-वाय असा. किरकोळ फरकाला ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र बहुतेक ठिकाणी पुरतं. पूर्ण नावच वेगळं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून घ्या आणि त्या पानाच्या प्रती जवळ ठेवा.

पासपोर्टच्या अर्जात आई-वडील दोघांची नावं द्यायची सक्ती डिसेंबर २०१६ पासून नाही. एका पालकाचं नाव पुरतं. एकट्या आईने वाढवलेल्या मुलांनी हे लक्षात ठेवावं.

लग्नानंतर नाव बदललंय, पण पदवी माहेरच्या नावावर आहे. काय करू?

आधी हे: लग्न झालं म्हणून नाव बदलायलाच हवं असा कायदा नाही. पासपोर्ट माहेरच्या नावावरच असेल आणि पदवीही तीच, तर काही बदलू नका. सगळ्यात सोपा मार्ग तोच आहे.

नाव बदललं असेल तर आपल्याकडे ते तिन्ही बाजूंनी बदलतं: आडनाव, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव आणि काही घरांत स्वतःचं नावही. परदेशातल्या कारकुनाला हे एकाच बाईचे कागद आहेत हे कळायला मार्ग नसतो. अर्जात ‘पूर्वीचं नाव’ हा रकाना असतो, तो रिकामा ठेवू नका. सोबत विवाह नोंदणीचा दाखला जोडा, पहिलं नावही बदललं असेल तर राजपत्र जोडा. घटस्फोट झाला असेल आणि माहेरचं नाव परत घ्यायचं असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत लागेल. हे सगळं अर्ज भरायच्या सहा महिने आधी सुरू करा.

तिथे कुणाला माझं नाव उच्चारता येणार नाही. सोपं नाव घेऊ का?

घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण लाजेपोटी घेऊ नका. बहुतेक विद्यापीठांच्या प्रणालीत ‘वापरायचं नाव’ वेगळं नोंदवता येतं. ते हजेरीपटावर आणि ईमेलवर दिसतं, व्हिसा आणि पदवीच्या कागदांना सहसा हात लागत नाही. बऱ्याच ठिकाणी नावाचा उच्चार स्वतःच्या आवाजात नोंदवून ठेवायची सोय असते. हृषीकेशने दहा सेकंदांची नोंद करून ठेवली तर प्राध्यापक ती ऐकून येतात.

अर्जात वंश विचारलाय. ‘अमेरिकन इंडियन’वर खूण करायची का?

नाही. ही चूक दरवर्षी होते. ‘अमेरिकन इंडियन’ म्हणजे अमेरिकेचे मूळ रहिवासी. आपण ‘एशियन’ आणि उपप्रकार असेल तर ‘इंडिया’. ब्रिटनच्या अर्जात ‘एशियन’खाली ‘इंडियन’ असतं. उत्तर देणं ऐच्छिक असतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२३ च्या निकालाने प्रवेशात वंशाचा विचार करायला बंदी केली आहे, त्यामुळे या खुणेने प्रवेश मिळेल किंवा जाईल ही भीती सोडा. त्याच निकालात म्हटलंय की विद्यार्थ्याने निबंधात आपल्या आयुष्यावर वंशाचा काय परिणाम झाला हे लिहिलं, तर ते वाचायला हरकत नाही.

एक खूण मात्र आपली मुलं विसरतात. घरातली पहिली पदवीधर पिढी आहात का, असा प्रश्न असतो. आई-वडिलांपैकी कुणीच पदवीपर्यंत शिकलेलं नसेल तर ‘हो’ लिहा. त्यावर फी माफी, मार्गदर्शक, शिष्यवृत्ती अशा सोयी मिळू शकतात. आई-वडिलांचं शिक्षण कमी आहे हे लपवण्यासारखं काहीही नाही.

जातीच्या आधारावर शिष्यवृत्ती घेतली तर तिथे सगळ्यांना कळेल का?

विद्यापीठाच्या वित्त विभागाला प्रायोजक म्हणून भारत सरकार किंवा महाराष्ट्र शासनाचं पत्र जातं. वर्गाला किंवा रूममेटला ते दिसत नाही. तुम्ही सांगाल तरच कळेल. बडोद्याच्या सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ मध्ये डॉ. आंबेडकर अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात गेले. त्या वाटेवरून जाताना संकोच कशाचा?

योजना ओळखून ठेवा. केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १२५ जागांची आहे: ११५ अनुसूचित जातींना, ६ विमुक्त-भटक्या जमातींना आणि ४ भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागिरांना. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांपर्यंत आणि वय ३५ च्या आत लागतं. ३० टक्के जागा मुलींना राखीव आहेत. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाच्या वेगळ्या २० जागा आहेत. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी आहे. इतर मागासवर्गीयांसाठी आणि सारथीतर्फे मराठा समाजासाठीही परदेश शिष्यवृत्त्या आहेत.

अडकतं कुठे? जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून निघतो, उत्पन्नाचा तहसीलदारांकडून आणि वैधता प्रमाणपत्र जिल्हा पडताळणी समितीकडून. समितीत महिने जातात, कारण आजोबा-पणजोबांच्या शाळेचे जुने दाखले लागतात आणि त्यावरचं नाव पुन्हा वेगळं असतं. लग्न झालेल्या मुलींना वडिलांच्या बाजूचे कागद लागतात, सासरचे चालत नाहीत. विषयाचंही भान ठेवा: केंद्राच्या २०२२-२३ च्या नियमांनी भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचं सामाजिक संशोधन वगळलं. जातीवर संशोधन करायला निघालेल्या मुलांना याचा सरळ फटका बसतो, आणि हा नियम आम्हाला चुकीचा वाटतो. अर्ज करण्याआधी चालू वर्षाची नियमावली वाचा आणि विद्यापीठाचा निधीही समांतर मागा.

तिकडे जात असते का?

आपली माणसं जिथे जातात तिथे ती जाते. अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठाने डिसेंबर २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या सगळ्या आवारांना ते लागू केलं. सिएटल शहराने २१ फेब्रुवारी २०२३ ला तसा कायदा केला. कॅलिफोर्निया राज्याचं विधेयक मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरून परत पाठवलं. ब्रिटनमध्ये जात कायद्यात स्पष्ट लिहायचं सरकारने २०१८ मध्ये टाळलं, २०१४ च्या एका निकालाच्या आधाराने ती वांशिक मूळ या सदरात धरता येते.

निवडलेल्या विद्यापीठाच्या भेदभावविरोधी धोरणात ‘कास्ट’ हा शब्द शोधा. सापडला तर उत्तम. नसेल तर तक्रार वंशपरंपरा, राष्ट्रीय मूळ किंवा धर्म या सदरांखाली करता येते. समान संधी कार्यालयाला लेखी द्या, तारखेसह स्क्रीनशॉट ठेवा आणि ‘असं वाटलं’ याऐवजी ‘अमुक दिवशी अमुक शब्द वापरले’ असं लिहा.

रूममेटच्या ग्रुपवर ‘पूर्ण नाव काय? गाव कुठलं?’ विचारतात. काय सांगू?

हे प्रश्न कशासाठी आहेत हे आपल्या प्रत्येकाला कळतं. तुम्हाला उत्तर द्यायचं बंधन नाही. ‘मी अमुक विभागात, ऑगस्टपासून, भाड्याचं बजेट इतकं, सिगारेट ओढत नाही’ एवढं लिहा. आहाराचा प्रश्न खरा असतो. एकाच गॅसवर मासे आणि साबुदाण्याची खिचडी शिजवायला ज्याला जमत नाही त्याने ते आधी सांगावं. पण भांडी वेगळी ठेवण्याची बोलणी आणि आडनावाची चौकशी यात फरक आहे. आडनावावर अडून बसणाऱ्या घरात वर्षभराचा भाडेकरार करू नका. शक्य असेल तर पहिलं सत्र विद्यापीठाच्या वसतिगृहात काढा, माणसं भेटली की मग घर निवडा. वसतिगृहाचा अर्ज प्रवेशाच्या अर्जापासून वेगळा असतो आणि त्याची मुदतही वेगळी, हे पुष्कळांना उशिरा कळतं.

मी समलिंगी आहे. देश निवडताना काय बघू?

तीन पायऱ्या. पहिली, गुन्हा आहे का. भारतात ६ सप्टेंबर २०१८ पासून नाही. उझबेकिस्तानात पुरुषांमधल्या संबंधांना कलम १२० खाली शिक्षा आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी आपली बरीच मुलं तिकडे जातात म्हणून हे ठळकपणे सांगतो. दुसरी, व्यक्त होण्यावर बंदी आहे का. रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०२३ ला ‘आंतरराष्ट्रीय एलजीबीटी चळवळ’ अतिरेकी ठरवली, तिथे इंद्रधनुष्याच्या चिन्हावरूनही कारवाई होते. जॉर्जियाने २०२४ मध्ये सार्वजनिक व्यक्त होण्यावर मर्यादा आणणारा कायदा केला. एजंट या गोष्टी सांगत नाहीत, एमबीबीएसच्या माहितीपुस्तकातही त्या नसतात. तिसरी, नातं मान्य आहे का. नेदरलँड्स, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड इथे विवाह आहे. सिंगापुरात २०२२ मध्ये अशा संबंधांना गुन्हा ठरवणारं जुनं कलम रद्द झालं, पण विवाह नाही.

जोडीदाराला न्यायचं असेल तर भारतात विवाह नोंदवता येत नाही ही अडचण येते. कॅनडा १२ महिने एकत्र राहिल्याचा पुरावा धरतो. दोघांच्या नावे भाडेकरार, जोडखातं, एका पत्त्यावरची बिलं आत्तापासून जमवा. अमेरिकेचा अवलंबित व्हिसा फक्त विवाहितांना मिळतो. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधन पदवी आणि काही सरकारी शिष्यवृत्त्या वगळता बाकी विद्यार्थ्यांना अवलंबित न्यायला बंदी केली आहे.

अमेरिकेच्या व्हिसासाठी सोशल मीडिया खुला करायला सांगतात. घरी माहीत नाही, मग?

जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना प्रोफाइल सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं, आणि अर्जात गेल्या पाच वर्षांतली खाती लिहावी लागतात. खातं लपवणं म्हणजे खोटी माहिती देणं, ते करू नका. पण प्रोफाइल खुलं झालं की वकिलातीबरोबर मामा, काका आणि सोसायटीही ते बघते. अर्ज भरायच्या आधीच बसून जुन्या पोस्ट, मित्रांनी टॅग केलेले फोटो, टिप्पण्या तपासा, आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं ते ठरवा. घरातून बाहेर काढलं जाण्याची भीती असेल तर पैसे आणि राहण्याची सोय आधी लावा.

मी पारलिंगी आहे. कागद कोणत्या क्रमाने बदलू?

आधी जिल्हाधिकाऱ्यांकडून मिळणारं ओळख-प्रमाणपत्र, मग आधार, मग पासपोर्ट, मग मंडळ आणि विद्यापीठाची कागदपत्रं. शेवटची पायरी सर्वांत संथ असते, म्हणून जुन्या मार्कशीटसोबत प्रमाणपत्राची आणि राजपत्राची प्रत जोडायची तयारी ठेवा. भारतीय पासपोर्टवर तीन पर्याय आहेत, पण समोरचा देश तिन्ही मानेल असं नाही. अमेरिका २०२५ च्या आदेशानंतर व्हिसावर स्त्री किंवा पुरुष एवढंच लिहिते, आणि तेही जन्मवेळच्या लिंगानुसार. त्यामुळे पासपोर्ट आणि व्हिसावर वेगवेगळी नोंद येऊ शकते. अर्ज करण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला हे विचारा.

औषधांचं वेगळं बघा. टेस्टोस्टेरॉन अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे नियंत्रित औषधांत मोडतं. मूळ पॅकिंग, औषधाचं शास्त्रीय नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी आणि डॉक्टरांचं इंग्रजी पत्र हातातल्या बॅगेत ठेवा. ब्रिटनच्या सरकारी लिंगओळख दवाखान्यांची प्रतीक्षा वर्षांत मोजतात. म्हणून उपचार मध्येच तुटू नयेत याची व्यवस्था इथून करूनच निघा.

दिव्यांग प्रमाणपत्र चालेल का? आणि सांगितलं तर प्रवेश नाकारतील का?

यूडीआयडी कार्डावरचे (सरकारी दिव्यांग ओळखपत्रावरचे) टक्के तिथे फारसे उपयोगाचे नाहीत. त्यांना हवं असतं ते वेगळं: या अडचणीमुळे वाचायला, लिहायला, चालायला, परीक्षा द्यायला काय त्रास होतो आणि कोणती सोय लागते. ‘४५ टक्के दृष्टिदोष’ याऐवजी ‘छापील १८ आकाराच्या अक्षरांखालचं वाचता येत नाही, परीक्षेला दीड पट वेळ आणि स्क्रीन रीडर लागतो’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. अध्ययन अक्षमतेचा अहवाल सहसा तीन ते पाच वर्षांपेक्षा जुना चालत नाही. दहावीला मिळालेल्या सवलतीचा कागद एमएसला पुरत नाही.

अमेरिकेत प्रवेश विभाग आणि सोयी देणारं कार्यालय वेगळी असतात. प्रवेश पक्का झाल्यावर दुसऱ्याकडे अर्ज करा. १९७३ चा पुनर्वसन कायदा आणि १९९० चा अपंगत्व कायदा तुमच्या बाजूने आहेत. जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) किंवा टोफेलमध्ये जादा वेळ हवा असेल तर आधी मंजुरी, मग तारीख. उलट क्रम केला तर सोय मिळत नाही.

मानसिक आजाराची गोळी चालू आहे. थांबवून जाऊ का?

डॉक्टरांना न विचारता कधीच नाही. पहिले तीन महिने परकं हवामान, एकटेपण आणि अभ्यास एकदम अंगावर येतात, आणि तेव्हाच औषधाची गरज असते. देशाचे नियम बघा: एडीएचडी या लक्ष न टिकण्याच्या विकारावरचं अॅडेरॉल जपानमध्ये पूर्ण बंद आहे, त्याच विकारावरच्या मिथाइलफेनिडेटवरही कडक निर्बंध आहेत. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी विम्यात आधीपासूनच्या मानसिक आजाराला दोन महिने आणि इतर जुन्या आजारांना बारा महिने थांबावं लागतं. तेवढ्या काळाचे पैसे बाजूला काढा. ब्रिटनला व्हिसासोबत वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार भरला की सरकारी सेवा खुली होते. पोहोचल्याच्या आठवड्यात स्थानिक डॉक्टरांकडे नाव नोंदवा.

हिजाब, उपवास, शाकाहार यांचं काय?

फ्रान्सचा २००४ चा धार्मिक चिन्हांचा कायदा शाळांना लागू आहे, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना नाही. डोक्यावर स्कार्फ चालतो, चेहरा झाकणं मात्र सार्वजनिक जागी बंद आहे. शाकाहारींनी जिलेटिन आणि रेनेट हे शब्द पाठ करावेत, हे पदार्थ सहसा प्राण्यांपासून काढतात. योगर्ट, गोळ्या-चॉकलेटं आणि चीजमध्ये ते सापडतात. वसतिगृहात जेवणाची योजना सक्तीची आहे का ते आधी बघा, नाहीतर न खाल्लेल्या जेवणाचे पैसे भरता.

मी सांगितलेलं घरी कळेल का?

अमेरिकेत महाविद्यालयात शिरलात की तुमच्या नोंदींवर तुमचा हक्क असतो, आई-वडिलांना त्या सहसा तुमच्या लेखी संमतीशिवाय मिळत नाहीत. गळती होते ती दुसरीकडून. कर्जाचे सहअर्जदार वडील असतात, म्हणून बँकेला दिलेला निबंध त्यांच्या हाती पडतो. अर्जातला ईमेल घराजवळच्या सायबर कॅफेत उघडलेला असतो, त्याचा पासवर्ड भावाला माहीत असतो. पत्रं घरच्या पत्त्यावर येतात. स्वतंत्र ईमेल, स्वतःचा फोन क्रमांक आणि बँकेसाठी वेगळा, साधा निबंध एवढं केलं तरी बरंच झाकलं जातं.

अडचण आली तर पहिला फोन कुणाला?

आणीबाणीला अमेरिका-कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, युरोपात ११२, ऑस्ट्रेलियात ०००. अमेरिकेत मन फार खचलं तर ९८८. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवर पोहोचल्यावर नाव नोंदवा, दूतावासाकडे तक्रार तिथूनच जाते. विद्यापीठाच्या आणीबाणीच्या संपर्कात असं माणूस लिहा की ज्याला तुमची सगळी ओळख माहीत आहे आणि जे फोन उचलतं. आई-वडील तसे नसतील तर मैत्रीण किंवा आत्या चालते, त्या रकान्यात नातं ठरलेलं नसतं.